पेटीतला फौजी ग्रेटकोट: आधी वाचा, मग झटका

प्रश्न थोडक्यात असा. चाळीसगाव तालुक्यातल्या एका घरी धाब्याच्या खोलीतली जुनी पत्र्याची पेटी उघडली. तीत गुडघ्याखाली येणारा, जाड खाकी लोकरीचा, दोन रांगा बटणांचा कोट निघाला. आत काळा शिक्का आहे, त्यात बाणासारखी खूण आणि पुसट आकडे. एका खांद्यावर पितळी अक्षरं आहेत, दुसऱ्यावर नुसती भोकं. घेराला कसर लागली आहे. घरात माहिती एवढीच की ‘आबा पलटनमा व्हतात’. कोटावरून पलटण कळेल का? आबांची नोकरी कागदावर कुठे सापडेल? आणि कोट धुवायचा का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी: धुवायचा नाही. रिठ्याने नाही, थंड पाण्याने नाही, ड्रायक्लीनिंगला देऊन तर नाहीच. कारण पुढे येईल. आज करायचं ते एवढंच की कोट पेटीतून काढा, जाड पॉलिथिनच्या स्वच्छ पिशवीत घाला, तोंड चिकटपट्टीने बंद करा आणि घरातल्या इतर लोकरी कपड्यांपासून, घोंगड्यांपासून दूर ठेवा. कसर एका कपड्यावर थांबत नाही.

पिशवीत घालण्यापूर्वी खिसे तपासा, पण हात घालून ओरबाडू नका. पांढऱ्या चादरीवर कोट उताणा पसरून खिशाचं अस्तर हळूच उलटं करा. आत तिकिटाचा तुकडा, बिडीचं पान, गव्हाचा दाणा, सुतळी, काहीही असू शकतं. कुठल्या खिशातून काय निघालं ते पेन्सिलीने लिहून वेगळ्या कागदी पाकिटात ठेवा. मग फोटो काढा: पुढून, मागून, कॉलर उलटी करून, आतलं अस्तर आणि प्रत्येक शिक्का. पुसट शिक्का समोरून प्रकाश टाकला की दिसत नाही. खोलीत अंधार करून टॉर्च कापडाला जवळजवळ टेकवून आडवा धरा आणि चारही बाजूंनी फोटो घ्या. मोबाईलमध्ये फोटो कृष्णधवल करून कॉन्ट्रास्ट वाढवला की निम्मे आकडे तिथेच वाचता येतात.

आता वाचन. फौजी कपडा आतून वाचायचा असतो, बाहेरून नाही. बाहेरची बटणं, पितळ, पट्ट्या घरोघरी बदलतात. शिक्का कुणी बदलत नाही.

बाणाची खूण म्हणजे तीन फाट्यांचं टोक, कोंबडीच्या पावलासारखं. ती सरकारी मालाची निशाणी. ब्रिटिश मालावर नुसता बाण असतो, हिंदुस्थान सरकारच्या मालावर बाणाबरोबर रोमन ‘आय’ असतो. हा ‘आय’ दिसला तर कोट हिंदुस्थानी पुरवठ्यातला. दोन बाण टोकाला टोक लावून समोरासमोर असतील तर अर्थ उलटा होतो: हा माल सरकारने विकून टाकलेला आहे. ही खूण नीट शोधा, कारण पुढचा सगळा तर्क तिच्यावर उभा आहे. बाणाजवळ बहुतेक वेळा वर्ष, माप आणि बनवणाऱ्याचं नाव किंवा सांकेतिक अक्षरं असतात. माप उंची आणि छातीचं असतं, इंचात. आबांची उंची घरात कुणाला आठवत असेल, तर ती इथे पडताळून बघा. सहा फुटी माणसाचा कोट पाच फूट चार इंचांच्या आबांच्या अंगाला आला नसता.

बनवणाऱ्याच्या नावावरून एक गैरसमज होतो. कोट आपल्याकडच्या मिलचा असेल, अमळनेरच्या प्रताप मिलचा, असं घरात कुणी ना कुणी म्हणतंच. खान्देशातल्या मिली सुती. फौजेच्या लोकरी कापडाची मोठी नावं कानपूरची लाल इमली आणि पंजाबातलं धारीवाल, आणि शिलाईत १९१४ पासूनचा शहाजहानपूरचा सरकारी कपडे कारखाना. अस्तर मात्र सुती असतं. ते कुठल्याही मिलचं असू शकतं आणि त्यावरून काही ठरवू नये.

सरकारी शिक्क्याखेरीज दुसरी एक खूण असते, आणि ती जास्त मोलाची आहे. ती सैनिकाच्या स्वतःच्या नंबराची. कॉलरच्या आत, आतल्या खिशाच्या कडेला किंवा मागच्या अर्ध्या पट्ट्याच्या उलट्या बाजूला काळ्या किंवा पांढऱ्या रंगाने, स्टेन्सिलने किंवा हाताने, आकडे घातलेले असतात. पुष्कळदा पूर्ण नंबर नसून शेवटचे तीन-चार आकडेच असतात, कारण बराकीत कोट ओळखायला तेवढे पुरत. एकावर एक खोडलेले दोन-तीन नंबर दिसले तर गोंधळू नका. कोट तितक्या अंगांवरून फिरला, एवढंच त्यावरून कळतं.

इथेच प्रश्नाचं मूळ आहे. ग्रेटकोट बूट-मोज्यासारखा नेहमी माणसाच्या नावावरचा कपडा नसे. गरम हवेच्या छावणीतून थंड मुलखात जाताना तो मिळायचा आणि परतताना क्वार्टरमास्टरच्या (पलटणीचं सामान सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याच्या) स्टोअरमध्ये जमा व्हायचा. पुढेही फौजेत दोन खाती वेगळी राहिली. एक पर्सनल क्लोदिंग, म्हणजे शर्ट, जर्सी, बूट. त्यांची नोंद सैनिकाच्या कार्डावर व्हायची, ठरलेलं आयुष्य भरलं की नवं मिळायचं. दुसरं, जागेच्या हवेप्रमाणे पलटणीच्या खात्यातून तात्पुरतं दिलेलं, जसा बर्फाळ चौकीवरचा कोट पारका. ते परत करावं लागतं, हरवलं तर पगारातून कापलं जातं. (फौजी भाषेत नाव आधी आणि विशेषण मागून येतं: कोट पारका, बूट अँकल, शीट ग्राउंड. जुन्या खातेवहीतली ही मांडणी जवानांच्या तोंडी इतकी बसली की निवृत्तीनंतरही सुटत नाही.) जुना झालेला माल तपासणीचा बोर्ड बसवून कंडेम, म्हणजे निकामी ठरतो आणि लिलावात जातो.

म्हणजे कोट घरात असण्याच्या वाटा तीन. सैनिकाने सोबत आणला. किंवा फौजेने विकलेला माल बाजारात आला आणि घेतला. किंवा नातेवाइकाने दिला. दुसरी वाट अजिबात दुर्मीळ नाही. दुसरं महायुद्ध संपल्यावर डिस्पोजलचा, म्हणजे फौजेने विकायला काढलेला माल देशभर निघाला. रब्बीच्या गव्हाला, हरभऱ्याला पौषातल्या रात्री पाणी भरायला असा कोट शेतकऱ्याला सोन्यासारखा. तेव्हा समोरासमोर बाण असतील, नंबर खोडलेले असतील आणि आबांच्या नोकरीचा दुसरा कागद घरात नसेल, तर कोट बाजारातला असल्याची शक्यता आधी धरा. आबा फौजेत नव्हते असा याचा अर्थ होत नाही. आबा आणि कोट यांची गाठ अजून बांधायची आहे, एवढाच.

झिजेवरूनही बरंच कळतं. घेराजवळ बारीक, कडक काठाची, काळपट भोकं असतील तर ती शेकोटीच्या ठिणग्यांची. मऊ काठाची, वेडीवाकडी, आजूबाजूला पृष्ठभाग कुरतडलेला असेल तर ती कसरीची. एकाच खांद्यावर कापड घासून पातळ झालं असेल तर फावडं किंवा काठी तिथे टेकत होती. ही शेतातली झीज, फौजेतली नाही. अस्तर धोतराच्या किंवा लुगड्याच्या तुकड्याचं असेल तर ते घरी लावलेलं आहे. ते उसवून ‘मूळ रूप’ आणायला जाऊ नका. तो कोटाच्या आयुष्याचा दुसरा भाग आहे आणि माझ्या मते पहिल्याइतकाच खरा.

आता खांद्यावरचं पितळ. अक्षरं रोमन असतात. ‘महारट्टा’ असं दोन ‘टी’ घालून लिहिलेलं असेल तर ते मराठा लाइट इन्फन्ट्रीचं इंग्रजी अमदानीतलं स्पेलिंग. ‘मराठा’ हे सरळ स्पेलिंग स्वातंत्र्यानंतरचं. नुसतं ‘महार’ असेल तर १ ऑक्टोबर १९४१ ला बेळगावात उभ्या राहिलेल्या महार रेजिमेंटचं, म्हणजे त्या तारखेच्या आधीचं ते असूच शकत नाही. तिच्या मूळ बिल्ल्यावर कोरेगावचा स्तंभ होता, पुढे त्या जागी कट्यार आली. आर.आय.ए.एस.सी. ही अक्षरं रसद-वाहतूक खात्याची. ‘रॉयल’चं ‘आर’ असल्यामुळे ती १९३५ नंतरची आणि प्रजासत्ताकाच्या आधीची. आय.ई.एम.ई. (यंत्रदुरुस्ती) आणि आय.ए.एम.सी. (वैद्यकीय) ही खाती १९४३ मध्ये निघाली. ‘घरचे लढाईत होते’ म्हटलं की डोळ्यांपुढे बंदूक येते, पण फौजेत बंदुकीइतकेच हात मोटार हाकायला, रस्ते बांधायला, सामान वाहायला लागत. आबा पायोनियर (रस्ते-मजुरीच्या कामाचे सैनिक) किंवा ड्रायव्हर निघाले म्हणून हिरमुसायचं कारण नाही.

ज्या खांद्यावर नुसती भोकं आहेत तिथे आडव्या टॉर्चने पाहा. पितळाखालचं कापड उन्हाने विटलेलं नसतं, त्यामुळे अक्षरांच्या पट्टीएवढी गडद जागा उरते. तिची लांबी मोजा आणि दुसऱ्या खांद्यावरच्या पितळाशी ताडून बघा. जुळली नाही तर उरलेलं पितळ मागाहून कुणीतरी लावलेलं आहे. दंडावर चौकोनी गडद डाग आणि भोवती टाक्यांची भोकं दिसली तर तिथे डिव्हिजनचं चिन्ह होतं. चिन्हच उरलं असेल तर काम सोपं: लाल गरुड चौथ्या हिंदी डिव्हिजनचा, काळ्यावर लाल गोळा पाचव्या, काळ्यावर पिवळा बाण सातव्या, काळं मांजर सतराव्या डिव्हिजनचं.

बटणांवर राजमुकुट असेल तर ती २६ जानेवारी १९५० आधीची, अशोकस्तंभाचे सिंह असतील तर नंतरची. पण बटणं दोन आण्यांत बदलता येत, म्हणून एकट्या बटणावर विश्वास ठेवू नका. मधलंच एखादं बटण वेगळं आणि त्याचा दोरा नवा असेल तर त्याला पुराव्यातून वगळा. दोऱ्यासाठी एक साधी चाचणी आहे. नोटा तपासायचा निळा दिवा अंधारात कोटावर धरा. निळसर पांढरा चमकणारा दोरा बहुधा १९५० नंतरचा, कारण कापड शुभ्र दिसावं म्हणून घालतात ती रसायनं त्यानंतर सर्रास झाली. एक अडचण आहे: कोट कधी साबणपावडरने धुतला असेल तर सगळाच चमकेल. न धुण्याचं हे आणखी एक कारण.

कोटावरून मुलूखही थोडा उमगतो. ब्रह्मदेशच्या जंगलात लढलेल्यांना एवढा जड कोट कशाला लागणार, तिथे हिरवे सुती कपडे होते. लोकरी ग्रेटकोट इटली, इराक-इराण, वायव्य सरहद्द, क्वेट्टा, काश्मीर अशा थंडीचा. चौथी, आठवी आणि दहावी हिंदी डिव्हिजन इटलीत होत्या. मराठा पलटणीचे यशवंत घाडगे (१९४४) आणि नामदेव जाधव (१९४५) यांना व्हिक्टोरिया क्रॉस तिथलाच. म्हणून कोट मिळालेला प्रत्येक जण इटलीला गेला, असं मात्र नाही. उत्तरेतल्या छावणीतही हिवाळा असतो.

एवढं झालं की कोटाचं बोलणं संपतं आणि कागदाचं सुरू होतं.

घरात शोधायच्या वस्तू: डिस्चार्ज बुक किंवा सर्टिफिकेट, पदकं, पेन्शनचा पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश), मनिऑर्डरच्या पावत्या, फ्रेममधला फोटो. फोटो फ्रेममधून काढून मागची बाजू बघा, स्टुडिओचा शिक्का असतो. पदकं असतील तर कड आणि मागची बाजू बघा. स्वातंत्र्यानंतरच्या भारतीय पदकांच्या (१९६५ चा समर सेवा स्टार, १९७१ चे पूर्वी आणि पश्चिमी स्टार, संग्राम मेडल) कडेवर किंवा मागे नंबर, हुद्दा, नाव, पलटण कोरलेली असते. तेवढं मिळालं तर अर्धा शोध तिथेच संपला.

गावातही शोधता येतं. जिल्हा परिषद शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरात जन्मतारीख आणि त्या वेळचं पूर्ण नाव. तलाठ्याकडच्या जुन्या फेरफारात, माजी सैनिक म्हणून जमीन मिळाली असेल तर तसा शेरा. अशी जमीन सातबाऱ्यावर बहुधा भोगवटादार वर्ग २ म्हणून दिसते, आणि तिच्या मूळ आदेशात नंबर-पलटण असण्याची शक्यता चांगली. पहिल्या महायुद्धाला या गावातून किती जण गेले आणि किती कामी आले, असं सांगणारी संगमरवरी पाटी काही गावांच्या चावडीवर आहे. ती आकडा देते, नावं देत नाही. धरणगावच्या भिल्ल कोअरचं (भिल्लांच्या इंग्रजी पलटणीचं) नाव निघालं तर बाजूला ठेवा. ती औट्रम या इंग्रज अधिकाऱ्याने १८२५ मध्ये उभी केली. ती गोष्ट एकोणिसाव्या शतकातली, तुमच्या कोटाशी काळ जुळत नाही.

सैनिकाचा रेकॉर्ड दिल्लीत एका जागी नसतो, प्रत्येक रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसात असतो. मराठा लाइट इन्फन्ट्री बेळगाव, महार सागर (मध्य प्रदेश), बॉम्बे सॅपर्स (इंजिनिअर दल) खडकी, तोफखाना नाशिक रोड, सिग्नल जबलपूर, ऑर्डनन्स (शस्त्र-सामान पुरवठा) आणि ईएमई (यंत्रदुरुस्ती) सिकंदराबाद, एएससी (रसद-वाहतूक) आणि पायोनियर बंगळूर, मेडिकल लखनौ. म्हणून आधी पलटण निश्चित करायची. पलटण माहीत नसताना सगळीकडे पत्रं टाकण्याचा उपयोग होत नाही, कारण नुसत्या नावावर शोध लागत नाही. युद्धकाळातले नंबर तर प्रत्येक रेजिमेंटचे स्वतंत्र, म्हणजे एकच नंबर चार पलटणींत चार माणसांचा. नंबर हातात आहे पण पलटण नाही, तर नंबर निरुपयोगी. स्वातंत्र्यानंतरच्या सात आकडी पद्धतीत मात्र सुरुवातीचे आकडेच पलटण सांगतात: २७ ने सुरू होणारे मराठा लाइट इन्फन्ट्रीचे, ४५ ने सुरू होणारे महार रेजिमेंटचे.

अर्जात सगळ्यात जास्त घोळ पत्त्याचा होतो. आबा १९६० आधी भरती झाले असतील तर त्यांच्या कागदात ‘जळगाव जिल्हा’ नाही. १९०६ मध्ये खान्देशचे दोन भाग झाले, त्यामुळे चाळीसगाव, पाचोरा, अमळनेर, रावेर हे तालुके पूर्व खान्देशात, आणि धुळे, शिरपूर, शहादा, नंदुरबार पश्चिम खान्देशात. प्रांत मुंबई. १९६० मध्ये नावं जळगाव आणि धुळे झाली, नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ चा. धुळ्याचं स्पेलिंग जुन्या कागदात ‘धुलिया’, मुक्ताईनगर सापडणार नाही, तिथे ‘एदलाबाद’. नावाचंही तसंच. आडनाव लिहिलेलंच नसण्याची शक्यता मोठी, नाव आणि बापाचं नाव एवढंच. भरतीच्या कारकुनाने कानावर पडेल तसं इंग्रजीत उतरवलेलं असतं. अर्जात तीन-चार संभाव्य स्पेलिंग स्वतःच देऊन टाका, आजच्या तालुक्या-जिल्ह्याबरोबर जुनंही लिहा.

अर्ज इंग्रजीत किंवा हिंदीत करा. रेकॉर्ड ऑफिस केंद्राचं आणि परराज्यातलं, तिथे मराठी अर्ज अडकतो. पहिल्यांदा साधं पत्र पाठवा: नाव, वडिलांचं नाव, जुना पत्ता, नंबर (अर्धवट असला तरी), भरतीचं आणि सुटण्याचं अंदाजे वर्ष, तुमचं नातं. सोबत मृत्यूचा दाखला आणि नात्याचा पुरावा जोडा. जळगाव किंवा धुळ्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून पत्र पाठवलं तर उत्तर लवकर येतं, कारण त्यांचा रेकॉर्ड ऑफिसांशी रोजचा व्यवहार आहे. आबांना किंवा आजीला पेन्शन मिळत असेल तर त्यांच्याकडे नोंद असायलाही हवी.

पेन्शन नव्हती, लढाई संपली आणि सोडून दिलं, अशा माणसाच्या बाबतीत उत्तर बहुधा एका ओळीचं येतं: नियमाप्रमाणे कागद नष्ट केले. हे खोटं नसतं. पेन्शन नसलेल्या सैनिकाची कागदपत्रं सुटल्यानंतर २५ वर्षांनी नष्ट करायचा नियमच आहे. बहुतेक लोक इथे हात टेकतात. टेकू नका, कारण लाँग रोल नावाचं रजिस्टर कायम ठेवायचं असतं. त्यात माणसामागे मोजकीच माहिती असते: नंबर, नाव, भरती कधी, सुटला कधी, कोणत्या कारणाने. दुसऱ्या पत्रात ‘सर्व्हिस रेकॉर्ड’ असा मोघम शब्द न वापरता ‘लाँग रोलमधील नोंदीचा उतारा’ असं नेमकं मागा. तरी उत्तर नाही आलं तर माहिती अधिकार, फी १० रुपये. त्या कायद्याच्या कलम ८(३) प्रमाणे २० वर्षांपूर्वीच्या घटनेची माहिती, थोडे अपवाद सोडले तर, द्यावी लागते. कलमाचा उल्लेख अर्जातच करा. ३० दिवसांत उत्तर नाही तर पहिलं अपील.

आबांचे कुणी भाऊ-चुलते लढाईतून परतलेच नसतील तर त्यांचा शोध उलट सोपा. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या यादीत दोन्ही महायुद्धांतले हिंदी सैनिक आहेत (दुसऱ्यासाठी ३१ डिसेंबर १९४७ पर्यंतचे), आणि पुष्कळ नोंदींत बापाचं नाव, बायकोचं नाव, गाव दिलेलं आहे. शोध ‘ईस्ट खान्देश’ किंवा ‘वेस्ट खान्देश’ असा रोमनमध्ये घाला, गावाच्या स्पेलिंगवर भिस्त ठेवू नका.

आता पिशवीतला कोट. कसर मारायची तर डांबराच्या गोळ्यांनी ती मरेलच असं नाही. बंद पेटीत भरपूर वाफ साठली तरच त्यांचा परिणाम होतो, फटी असलेल्या पेटीत नुसता वास. प्लास्टिकची बटणं त्यांनी मऊ पडतात. गोळ्या आणि कापूर एकत्र तर कधीच ठेवू नका. दोन्ही एकमेकांत विरघळून तेलकट पाणी होतं आणि त्याचा डाग निघत नाही. आणि गोळ्यांत ठेवलेला लोकरी कपडा तान्ह्या बाळाला गुंडाळू नये. जी-सिक्स-पी-डी या रक्तातल्या एन्झाइमची कमतरता असलेल्या बाळाचं रक्त त्याने फुटतं आणि कावीळ मेंदूपर्यंत जाऊ शकते.

कडुनिंबाचा पाला कसरीला थोडा हटकतो, अंडी मारत नाही. शिवाय ओला राहिला तर कोटाला हिरवा डाग.

अंडी-अळी दोन्ही मारणारा घरगुती उपाय थंडीचा. कोट स्वच्छ जुन्या सुती चादरीत गुंडाळा, मग पॉलिथिनमध्ये घालून हवा दाबून काढा आणि तोंड पक्कं बंद करा. उणे १८ अंशांच्या डीप फ्रीझरमध्ये (आइस्क्रीमवाल्याकडचा चालतो, घरच्या फ्रीजचा बर्फाचा कप्पा नाही) सलग १४ दिवस. वीज चार-सहा तास गेली तर मोजणी पुन्हा पहिल्यापासून. काढल्यावर पिशवी २४ तास तशीच बंद ठेवा, नाहीतर गार लोकरीवर दव धरतं. चादर त्यासाठीच आहे. फ्रीझरमध्ये घालताना कोट पूर्ण कोरडा हवा, म्हणून हे काम पावसाळ्यात करू नका.

दुसरा उपाय उष्णतेचा, आणि त्याला खान्देशासारखा मुलूख नाही. ५५ अंशांना तासाभरात सगळ्या अवस्था मरतात. जळगाव-भुसावळच्या मे महिन्यात काळ्या प्लास्टिकमध्ये बंद केलेला कोट दुपारी सहज तिथवर जातो. पण उघड्या उन्हात लोकर टाकायची नाही. ऊन लोकरीला पिवळी आणि ठिसूळ करतं, रंग विटवतं, वरून तापतं आणि आतल्या घड्या कोमट राहतात, अळ्या तिथेच सरकतात. चादरीत गुंडाळून, काळ्या पिशवीत, पातळ थरात पसरून, घडीच्या पोटात साधा थर्मामीटर खोचून चार तास, दोनदा पालटून. पोटातला आकडा ५५ ला पोचला नाही तर ते ऊन वाया गेलं. रबराचा थर असलेला कपडा असेल तर हा उपाय वर्ज्य.

कसर मेल्यावर सफाई. व्हॅक्यूमच्या तोंडाला मच्छरदाणीचा तुकडा रबरबँडने बांधा, जोर सर्वांत कमी, घासायचं नाही, उचलून उचलून टेकवायचं. शिवणी, कॉलरखालची बाजू, खिशाच्या झडपा आणि पाठीवरच्या चुणीत अंडी असतात. काळ्या मातीची धूळ आणि कपाशीचा तंतू एवढ्याने निघतो. चिखलाचा वाळलेला पोपडा मऊ ब्रशने. घामाचे, तेलाचे जुने डाग राहू द्या.

धुण्याची मनाई कशासाठी, तर हे लोकरी कापड विणून झाल्यावर मुद्दाम दाटून घट्ट केलेलं असतं. कोरडा कोटच अडीच-तीन किलोंचा, भिजला की ते ओझं खांद्याच्या जुन्या शिवणीवर येतं आणि ती सुटते. गरम पाण्यात, चोळल्यावर लोकर आणखी दाटते, सुती अस्तर त्या मापाने आटत नाही, घेर वेडावाकडा होतो. नंबराची शाई कोणत्या प्रकारची आहे हे कुणालाच सांगता येत नाही, म्हणून ड्रायक्लीनिंगचा द्रवही धोक्याचा. एका धुण्यात आकडे गेले तर वर सांगितलेला सगळा शोध थांबला.

पितळावर हिरवट कळंक आला असेल तर चिंच, लिंबू, पितांबरी काही लावू नका. आम्ल कापडात उतरतं आणि तिथेच राहतं. पॉलिश भोवतीच्या लोकरीत पांढरी पूड सोडतं. जाड पुठ्ठ्याला फट पाडून ती बटणाच्या मागे सरकवा (फौजेत यासाठी पितळी बटणपट्टी असते) आणि कोरड्या सुती कापडाने पुसा. हिरवी पूड टूथपिकने खरवडून घ्या. चकचकीत करायची गरज नाही.

कोट तारेच्या हँगरवर लटकवायचा नाही. पेटीत आडवा ठेवा. मांजरपाट आणा, खळ जाईपर्यंत दोनदा धुवा, नीळ-स्टार्च लावू नका, कारण स्टार्च खायला दुसरे किडे येतात. त्या मांजरपाटाची वळकटी करून प्रत्येक घडीत आणि बाह्यांत घाला म्हणजे घडी मोडणार नाही. दरवेळी घडी थोडी सरकवा. पत्र्याची पेटी चालेल, पण आतून गंज असेल तर आधी काढा आणि कोट पत्र्याला टेकू देऊ नका. पत्र्याच्या छपराखालच्या खोलीत नको, बाहेरच्या भिंतीला टेकून नको, जमिनीवर नको. चार विटा आणि फळी, वाळवीसाठी. वर्षातून दोनदा उघडायचा: दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की, आणि चैत्रात ऊन चढण्यापूर्वी. वाळूसारखे बारीक दाणे किंवा रेशमी नळ्या दिसल्या तर पुन्हा फ्रीझर.

घरातल्या पोराने कोट घालून फोटो काढला तर कुणी पकडत नाही. भारतीय न्याय संहितेचं कलम १६८ सैनिक असल्याची बतावणी करण्यासाठी गणवेश घालणाऱ्याला आहे. तरी घालू नये, आणि कारण कायद्याचं नाही: बगलेतली शिवण ऐंशी वर्षांची आहे, एक हात वर केला की उसवते.

भोकं रफू करायची घाई नको. घेराची भोकं तशीच राहिली तरी कोट तुटत नाही. सुटत चाललेली शिवण मात्र थांबवावी लागते. तिथे जुन्याच भोकांतून, सुती दोऱ्याने, सैल टाके घाला. नायलॉनचा दोरा लोकरीला कापतो. आणि घातलेला प्रत्येक टाका कुठला ते त्याच पेन्सिलीच्या यादीत लिहा, खिशातल्या वस्तूंच्या खाली.